शाडूतला अर्धपुतळा ब्राँझमध्ये ओतायचाय: साचा, मेणाची जाडी, धातू आणि खारी हवा

गेरू

एका शाळेच्या संस्थापकांचा अर्धपुतळा शाडूत जवळजवळ पूर्ण होत आलाय. उंची ३० इंच, म्हणजे माणसाच्या मापापेक्षा थोडा मोठा. आत १ इंची जीआय पाइप, फ्लँजने १८ मिमी प्लायवर बसवलेला. पुतळा रत्नागिरीजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, उघड्यावर, ५ फुटी चौथऱ्यावर बसणार आहे.

अडचणी अशा:

१. मानेवर आडवी चीर पडते. संध्याकाळी बुजवली की सकाळी पुन्हा उघडते.
२. मातीवरून थेट रबर मोल्ड घ्यावा, की आधी पीओपीची किंवा फायबरची प्रत काढून तिच्यावरून?
३. ओतकामाचे दोन अंदाज आलेत. एकाने ४० किलो धातू धरलाय, दुसऱ्याने ७० किलो. पुतळा तोच. दोघेही धातूला "ब्राँझ" एवढंच म्हणतात. नेमकं काय विचारायचं?
४. खाऱ्या हवेसाठी आत्तापासून काय काळजी घ्यावी?

---

काथ्या

आधी चिरेचं बघू, कारण ती नुसती चीर नसावी.

ओली माती वाळताना आक्रसते, पाइप आक्रसत नाही. मान हा सगळ्यात अरुंद भाग, त्यामुळे ताण तिथे येतो. वरून पातळ माती भरली तर ती आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त आक्रसणार आणि चीर तिथेच उघडणार. तिच्या कडेने व्ही आकाराची खाच पाइपपर्यंत कापा. बाजू ओल्या करून रात्रभर ओलं फडकं गुंडाळा. सकाळी मूळ मातीइतक्याच घट्ट मातीच्या वळ्या दाबून बसवा, लिंपू नका. नुसता शाडू चिकटपणात कमी पडतो. भरायच्या मातीत चौथा हिस्सा कुंभाराची चिकण माती मळून घेतली तर पकड सुधारते.

पण त्याआधी एक मोजमाप घ्या. फळीपासून हनुवटीपर्यंतचं अंतर रात्री आणि सकाळी कॅलिपरने घ्या. दोन-तीन मिमीने कमी होत असेल तर डोकं खाली सरकतंय, आणि चीर हा त्याचा परिणाम आहे. पाइपच्या टोकाला तारेने टांगलेले लाकडी क्रॉस आत नसतील तर हे होणारच. गुळगुळीत पाइपवर १५ किलोचं मातीचं डोकं नुसत्या चिकटण्यावर टिकत नाही. आता आतून काही करता येणार नाही. मागून, केसांच्या खालच्या भागात लाकडी टेकू घुसवून तो फळीवर खिळ्याने पक्का करा. साचा घेताना तिथलं भोक बुजवणं सोपं असतं.

झाकताना ओलं फडकं चेहऱ्याला टेकवू नका, पोत जातो. डोक्याभोवती चार काड्या खोचून त्यांच्यावरून प्लास्टिक सोडा.

साच्याबद्दल माझं मत: आधी वेस्ट मोल्ड (एकदाच वापरून फोडायचा पीओपीचा साचा), त्यातून पीओपी किंवा फायबरची प्रत, आणि रबर त्या प्रतीवरून. मातीवरून थेट रबर घेतलं आणि कुठे हवा राहिली किंवा रबर घट्ट झालं नाही, तर तोवर माती बिघडलेली असते आणि परतीचा रस्ता उरत नाही. शिवाय रबरातून काढलेली मेणाची प्रत (तिच्याभोवती साचा करून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात) बिघडली, ओतकाम फसलं, तरी हातात पक्की मूळ प्रत राहते.

वेस्ट मोल्डचा क्रम थोडक्यात: कानांच्या मागून, खांद्यांवरून रेषा ठरवून पत्र्याच्या पट्ट्या खोचा. पीओपीचा पहिला थर ५-६ मिमी, त्यात थोडी नीळ घाला. त्यावर साबणाचं पाणी किंवा पातळ मातीचा हात, मग काथ्या घालून पांढरा जाड थर. साचा उघडून माती काढा, धुवा, साबणाचे तीन-चार हात द्या, प्रत भरा. नंतर छिन्नीने साचा फोडताना निळा थर दिसला की समजायचं, आता कामाची कातडी जवळ आलीय, हात हलका करा. नीळ टाकायला विसरलेला साचा फोडणं म्हणजे नाक गमवायची तयारी.

फायबरमध्ये प्रत काढणार असाल तर एक धोक्याची गोष्ट. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) पूर्ण ढवळून घ्यायचा आणि मगच हार्डनर घालायचा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, पेट घेतात. दोन्हींसाठी वेगळी मापं ठेवा.

---

कोरणी

काथ्यांशी अर्धा सहमत. प्रत काढावी हे ठीक, पण प्रत्येक टप्प्यावर थोडी धार जाते: माती, पीओपी, रबर, मेण, धातू. पापण्यांच्या कडा आणि ओठांची रेषा सगळ्यात आधी बोथट होतात. सिलिकॉनचा अनुभव असलेला माणूस सोबत असेल तर मातीवरून थेट घ्यायला हरकत नाही. ओल्या शाडूवर सिलिकॉन व्यवस्थित घट्ट होतं. गोंधळ होतो तो ऑइल क्लेवर (तेलात मळलेली, न वाळणारी माती), कारण काही ऑइल क्लेंमध्ये गंधक असतं आणि प्लॅटिनम पद्धतीचं सिलिकॉन गंधकापाशी चिकटच राहतं. टिन पद्धतीच्या सिलिकॉनला तो त्रास सहसा होत नाही, पण ते वर्षागणिक आक्रसतं, म्हणून साचा जपून ठेवून पुढे प्रती काढायचा विचार असेल तर ते नको.

तुमच्या मापाला पृष्ठभाग साधारण ०.८ चौरस मीटर धरू. ६ मिमी जाडीला साडेपाच किलो सिलिकॉन बसतं, वाया जाणारं धरून ६-७ किलो आणा. पहिला हात पातळ, ब्रशने, फुंकर मारत कानाच्या वळणांत घालायचा. पुढच्या थरांना घट्ट करणारं द्रव्य मिसळायचं, नाहीतर सगळं खांद्यावर ओघळतं आणि कपाळ उघडं पडतं. सिलिकॉनला सिलिकॉन चिकटतं, तेव्हा सांध्याच्या कडेला व्हॅसलिन विसरू नका. वरून पीओपी-काथ्याचं दोन भागांचं कवच.

साचा घेण्याआधी मातीतच तीन गोष्टी तपासा, कारण धातूत गेल्यावर त्यांना इलाज नाही.

शाडू फिका आणि मॅट असतो. त्यावर सावली मऊ पडते आणि काम आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. ब्राँझ गडद आणि चकाकणारं, तिथे उतारापेक्षा चमक आधी दिसते. स्प्रेने पूर्ण माती ओली करा आणि एकाच दिव्याखाली, दिवा फिरवत बघा. ओल्या पृष्ठभागावर चमकेचा पट्टा कपाळावरून, गालाच्या हाडावरून कसा सरकतो ते दिसेल. तो मध्येच तुटत असेल तर तिथे न ठरवलेला उंचवटा आहे. फिक्या मातीत पुरेशी वाटणारी डोळ्याची खोली ब्राँझमध्ये सपाट वाटते, म्हणून भुवईखाली आणि पापणीच्या आतल्या कोपऱ्यात थोडं जास्त आत जा. बुबुळ कोरताना वरच्या बाजूला लहान ठिपका ठेवला की दुपारच्या उन्हातही नजर टिकते.

दुसरं, उंची. ५ फुटी चौथऱ्यावर डोळे साधारण ७ फुटांवर येतात. बघणारा खालून बघणार. हनुवटी आणि नाकपुड्या पुढे येतात, कपाळ आखूड होतं. टेबल उंच करून स्वतः बुटक्या स्टुलावर बसून बघा. बहुतेक वेळा केसांचा भार किंचित वाढवावा लागतो आणि डोकं दोन-तीन अंश खाली झुकवावं लागतं.

तिसरं, फोटो. संस्थेने दिलेला फोटो जवळून मोबाइलने काढलेला असेल तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि तसंच मातीत उतरतं. दोन-तीन मीटरवरून काढलेला जुना स्टुडिओ फोटो मिळाला तर मापं त्यावरून घ्या, जवळचा फोटो फक्त हावभावासाठी.

त्वचेची छिद्रं काढण्यात वेळ घालवू नका. धातूत ती खराब ओतकामासारखी दिसतात.

---

मूस

प्रश्न ३ वर येतो. ४० आणि ७० किलो दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

हिशेब करा. पृष्ठभाग ०.८ चौमी, गनमेटलची (ब्राँझचाच एक प्रकार) घनता साधारण ८.७. धातूची भिंत ५ मिमी धरली तर ३५ किलो, ६ मिमीला ४२, १० मिमीला ७०. म्हणजे पहिला माणूस मेणाच्या पद्धतीने पातळ ओतणार आहे आणि दुसरा बहुधा वाळूत ओतणार आहे. किलोवर दर असेल तर जाडी तुमच्या खिशातून जाते. दर ठरवण्याआधी लेखी विचारा: पद्धत कोणती, भिंत किती मिमी, रनर-रायझरचं (धातू आत जायच्या आणि वर यायच्या वाटांचं) वजन दरात धरलंय की नाही, चेसिंग (ओतलेला धातू कानस-छिन्नीने साफ करणं), वेल्डिंग, पॅटिना (रसायनांनी दिलेला रंगाचा थर) त्यात आहे की वेगळं.

मेणाची प्रत तयार झाल्यावर तिचं वजन स्वतः करा. मेणाच्या वजनाला साडेनवाने गुणलं की धातूचं वजन. रनर लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा करा. हे दोन आकडे हातात असले की नंतर वाद होत नाही.

अर्धपुतळ्याला ५ मिमी योग्य. साच्यात पहिला हात ब्रशने, मेण ७५-८० अंशांवर. मग ६५-७० अंशांचं मेण ओतून, फिरवून, परत ओतून टाकायचं, असं तीन-चार वेळा. फार गरम मेणाने आधीचा थर वितळतो, फार थंड असेल तर लाटांसारख्या रेषा येतात. मागून बल्ब धरला की पातळ जागा उजळतात. जाड जागा शोधायला टाचणी टोचून बघा: नाकाचं मूळ, कॉलरची घडी, कानामागची खोबण. तिथे मेण साचतं, धातू तिथे सगळ्यात शेवटी गोठतो, आणि आजूबाजूचा धातू आधीच गोठलेला असल्याने आत स्पंजासारख्या पोकळ्या राहतात. चेसिंगला कानस लावली की त्या उघडतात. मेण आतून खरवडून जाडी सारखी करणं हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे, धातूत तीच दुरुस्ती दोन दिवस खाते.

मेण साधारण १ टक्का आणि धातू दीड टक्का आक्रसतो. तुमचे ३० इंच सव्वाएकोणतीसपर्यंत येतील. चौथऱ्याचा दगड कापायला देताना धातूचं माप द्या, मातीचं नाही.

रनर १८-२० मिमी, गेट (रनर पुतळ्याला जोडणारी तोंडं) १०-१२ मिमी, हवेच्या नळ्या ५-६ मिमी. गेट केसांत, पाठीवर, खांद्यामागे द्यायचे, चेहऱ्यावर एकही नाही. ओतताना जे भाग सगळ्यात वर असतील तिथून हवेची नळी हवीच, नाहीतर तिथे हवा कोंडते आणि हनुवटी किंवा नाकाचं टोक येतच नाही. आतला कोअर (मेणाच्या पोकळीत भरलेला साच्याचा गाभा) जागेवर धरायला पिना लागतात. त्या स्टेनलेसच्या किंवा त्याच धातूच्या घाला. लोखंडी खिळे ठोकलेत का हे जरूर विचारा. ते काढायचे राहिले तर दोन पावसाळ्यांत बाहेर तांबडा ओघळ येतो.

बाहेरचा साचा पीओपी आणि विटेची सुरखी, साधारण एकास दोन मापं. कातडीजवळचा थर बारीक चाळलेला. भट्टीत आधी १००-१५० अंशांवर पाणी पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, मग हळूहळू ६००-६५० पर्यंत, आणि गेटच्या तोंडाचा काळेपणा जाऊन आत पांढरं दिसेपर्यंत तिथेच ठेवायचं. या मापाच्या साच्याला दोन-तीन दिवस लागतात. घाई झाली तर दोन प्रकारचं नुकसान होतं. ओल राहिली तर धातू ओतताना वाफ उसळते, आणि ते माणसाच्या अंगावर येतं. मेणाचा कोळसा राहिला तर धातूत वायूचे गोल, आतून चकचकीत फोड येतात. उलट तापमान फार वाढवलं तर प्लास्टर फुटतं, त्यातून गंधकाचे वायू निघतात आणि चेहऱ्यावर पंखासारखी धातूची पातळ पाती उगवते. ती पाती कापता येते, पण तिच्या दोन्ही बाजूंचा पोत पुन्हा हाताने काढावा लागतो.

धातू. "ब्राँझ" या नावाखाली नळाच्या तोट्यांचं भंगार पितळही खपतं. दोन नीट पर्याय आहेत. एक गनमेटल: तांबं ८५, कथील ५, जस्त ५, शिसं ५. पातळ भागातही छान वाहतं, कानस-छिन्नीला मऊ, पॅटिना सुंदर घेतं. दुसरं सिलिकॉन ब्राँझ: तांबं ९५ च्या आसपास, सिलिकॉन ३-४, मँगनीज १. याचं टिग वेल्डिंग फार चांगलं होतं. गनमेटलमध्ये शिसं असल्याने वेल्डला छिद्रं पडतात, बारीक भेगा येतात. तुमचा पुतळा एका तुकड्यात येणार असेल तर गनमेटल घ्या. डोकं वेगळं आणि खांदे वेगळे ओतणार असतील तर सिलिकॉन ब्राँझ. दोन्हींचं भंगार एकाच मुशीत पडता कामा नये. गनमेटलमध्ये सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमचा अंश गेला तरी ओतकाम आतून सच्छिद्र होतं.

खात्री करायला तुमच्याच पुतळ्याचा रनर कापून त्याचा तुकडा स्पेक्ट्रो चाचणीला (धातूत काय किती आहे ते सांगणारी) द्या. भट्टीवाला दाखवेल तो जुना अहवाल चालणार नाही. कोल्हापूर, पुण्याकडे जिथे मोठ्या फाउंड्रीज आहेत तिथे अशी प्रयोगशाळा सहज सापडते. उरलेले रनर परत मागून घ्या. वेल्डिंगची सळी त्यातूनच बनवायची म्हणजे पॅटिनाखाली सांधा वेगळ्या रंगाचा दिसत नाही.

---

गेरू

मूस, आभार. १० मिमीवाल्याने खरंच वाळूत ओतणार असं सांगितलं, सीओटू पद्धत (वाळूचा साचा कार्बन डायऑक्साइडने घट्ट करतात ती). मजबूत होईल म्हणतो. नाही म्हणू का?

---

मूस

वाळू वाईट नाही. ९-१० फुटी पूर्ण पुतळे तुकड्यांत करायला ती सोयीची आणि स्वस्त पडते. पण वाळूतून पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत घेतात ती प्रत) बाहेर ओढावा लागतो. कानामागची खोबण, कॉलरच्या आतली बाजू, चष्मा असेल तर त्याची काडी, अशा अडकणाऱ्या जागांना वेगळे सुटे तुकडे करावे लागतात. बहुतेक जण ते टाळायला त्या खोबणी आधीच भरून टाकतात आणि नंतर धातूत ग्राइंडरने कोरतात. तो कान मग तुमचा राहत नाही. चेहऱ्याच्या कामाला मेणच.

मजबुतीसाठी ५ मिमी पुरेसं आहे. अर्धपुतळ्याच्या आत लोखंडी सांगाडाही लागत नाही. कोणी घालू म्हणाला तर नको म्हणा.

---

हिरवट

सांगाड्याचा विषय निघालाच आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हापासून आतला सांगाडा आणि गंज यांवर सगळेच बोलतात. अर्धपुतळ्याला तो धोका नाही, पण तत्त्व तेच. खाऱ्या ओलाव्यात ब्राँझला साधं लोखंड टेकलं की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. बसवायचे बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्या, १२ मिमीचे चार. ३०४ किनाऱ्यावर डागाळतं.

ओतकाम झाल्यावर आतला कोअर पूर्ण खरवडून काढायला लावा, हात घालून स्वतः बघा. प्लास्टर आत राहिलं की ओल धरून ठेवतं आणि बारीक छिद्रांतून पांढरे ओघळ बाहेर येतात. डोकं अरुंद मानेतून साफ होत नसेल तर टाळूला ३-४ इंची खिडकी ठेवून नंतर वेल्ड करतात. खाली, सगळ्यात सखल जागी ८-१० मिमीची दोन भोकं पाणी निघायला हवीत. दगड आणि धातू यांच्यात निओप्रीनची पट्टी घाला. सिमेंटमध्ये थेट गाडू नका.

खाऱ्या हवेचा खरा शत्रू क्लोराइड. एरवीचा तपकिरी-हिरवा थर धातूला चिकटून बसतो आणि काही प्रमाणात त्याला वाचवतो. क्लोराइड शिरलं की फिकट हिरवी, भुसभुशीत पूड खड्ड्यांतून वर येते, आणि पुसली तरी काही दिवसांत पुन्हा येते. त्यामुळे पॅटिना करताना क्लोराइडची, नवसागराची कृती पूर्ण टाळा. हिरवा हवा असेल तर क्युप्रिक नायट्रेट, तपकिरीसाठी लिव्हर ऑफ सल्फर आणि वर फेरिक नायट्रेट. पृष्ठभाग आधी ब्लास्ट करून (वाळूचा मारा देऊन) तेलाचा अंश घालवा. बर्नरने एवढा तापवा की पाण्याचा थेंब लगेच चुरचुरून उडेल. लिव्हर ऑफ सल्फर लिटरला ५-१० ग्रॅमच. घट्ट द्रावणाने पटकन काळं होतं आणि नंतर पापुद्रे सुटतात. पातळ हात, पुष्कळ वेळा. धूर अंगावर घेऊ नका, नायट्रेटचा तर मुळीच. धातू हाताला सोसेल इतका कोमट असताना मेण लावा.

नंतरची निगा शाळेला लेखी द्या. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मेणाचा हात. जयंतीला दुधाचा अभिषेक, हळदकुंकू, ओले हार झाले तर त्याच दिवशी धुवायचं. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावायचं नाही. शिपाईकाका मनापासून घासतात आणि नाक तेवढं पिवळं होतं.

आणखी एक. जागा सार्वजनिक असेल तर पुतळ्याला शासकीय परवानगी लागते आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता. शाळेच्या आवारातल्या जागेचं काय ते संस्थेला आत्ताच विचारायला सांगा. वेस्ट मोल्ड घेतला की माती संपते, मग तज्ज्ञांनी सुचवलेला बदल कशात करणार?

---

काथ्या

पैसे अगदीच कमी पडत असतील तर सिमेंटही आहे, कोणी नाक मुरडू नये. अलिबागजवळ सासवन्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांच्या घरातल्या संग्रहालयात त्यांची सिमेंटमधली कामं बघा. १९२८ चा पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ब्राँझमध्ये करणारा हाच माणूस. सिमेंट त्यांनी दुय्यम म्हणून हाताळलेलं दिसत नाही. फक्त किनाऱ्यावर सिमेंटच्या आत लोखंडी सळी घातली तर वर किमान दीड-दोन इंच आवरण ठेवा, नाहीतर सळी फुगून कान उडवते.

---

गेरू

माप घेतलं. एका रात्रीत ३ मिमी खाली आलंय डोकं. टेकू लावतो. संस्थेशी बोललो, परवानगीचं ते बघताहेत. पण कमिटीला सोन्यासारखा चकचकीत पिवळा हवाय, देवळातल्या समईसारखा.

---

हिरवट

उघड्यावर, समुद्राजवळ तो रंग टिकत नाही. लॅकर मारून वर्ष-दोन वर्षं धरेल, मग लॅकर कडेने सुटतं, तिथे काळे नकाशे पडतात, आणि सगळं काढून पुन्हा करावं लागतं. तो खर्च दर वेळी कोण करणार, हे आधी कमिटीला विचारा.

तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका. भट्टीवाल्याला त्याच वितळीतून ४ इंची चौकोनी तीन पट्ट्या ओतायला सांगा. एक पॉलिश करून लॅकर, एक मध्यम तपकिरी, एक गडद तपकिरी आणि उंचवट्यांवर थोडी घासून उजळलेली. तिन्ही शाळेच्या गच्चीवर, समुद्राकडे तोंड करून तारेने बांधून ठेवा. पुतळा चेसिंगला असेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. मग कमिटीला गच्चीवर न्या. उजळलेली तिसरी पट्टी बहुतेकांना पटते, कारण नाक, भुवई, गालाचं हाड तिच्यात उठून दिसतं. निवड झाली की पट्टीच्या मागे सही घ्या आणि पॅटिना करणाऱ्याला तीच पट्टी नमुना म्हणून द्या.